गादी रात्री बाराला घालायची : वन रूम किचनमधल्या जुन्या निद्रानाशाचं एक प्रकरण

विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरमधलं घर. बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर, आणि राहणारी माणसं चार: ४६ वर्षांच्या या बाई, त्यांचे यजमान, ७४ वर्षांच्या सासूबाई आणि बारावीतला मुलगा. बाई फोर्टमधल्या एका खासगी कार्यालयात हिशेब सांभाळतात. दोन वर्षं झोप नाही, ही तक्रार. (कुणाची ओळख पटू नये म्हणून सारख्या वळणाच्या अनेक रुग्णांचे तपशील एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे. आकडे हिशेबाची रीत कळावी म्हणून दिले आहेत.)

निद्रानाशावरची जी उपचारपद्धत आज पहिली मानली जाते, ती गोळीची नाही. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली आणि युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१७ साली तसं स्पष्ट सांगितलं: दीर्घकाळच्या निद्रानाशात आधी वर्तन आणि विचार बदलणारा उपचार, औषध त्यानंतर. पण या पद्धतीच्या सूचना वाचल्या की पहिल्याच पानावर 'झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जा' असं असतं. मुंबईत दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर, आणि पुष्कळ घरांत तिथेही कुणीतरी झोपलेलं असतं. त्यामुळे अनेकजण ही पद्धत आपल्यासाठी नाही म्हणून सोडून देतात. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारण तेच.

तक्रार

रात्री १० वाजता दिवाणावर पाठ टेकायची. डोळा लागायला दीड तास, कधी दोन. मग अडीचच्या सुमारास जाग, पुन्हा तासभर तळमळ. पहाटे पाचला जाग येते तरी सहापर्यंत तसंच पडून राहायचं, 'निदान अंगाला आराम' म्हणून. रविवारी नऊपर्यंत. आठवड्यातून पाच रात्री अशा.

आठवड्यातून किमान ३ रात्री आणि किमान ३ महिने, झोपायला पुरेशी संधी असूनही झोप लागत नाही किंवा टिकत नाही आणि त्याचा दिवसावर परिणाम होतो, याला दीर्घकाळचा निद्रानाश म्हणतात. तीव्रता मोजायला सात प्रश्नांची एक मोजपट्टी वापरतात, एकूण गुण २८. आठच्या खाली काळजी नाही, १५ ते २१ मध्यम, २२ किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र. बाईंचे गुण २१ होते.

सुरुवात कशी झाली ते त्यांना नीट आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने रात्री दोन-तीनदा उठून त्यांना न्हाणीघरात न्यावं लागे. कान सतत जागे. सासूबाई आता काठी घेऊन स्वतः जातात. झोप मात्र परतली नाही.

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळा उपचार तिच्यावर उभा आहे. झोपेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली निद्रानाशाची कारणं तीन थरांत मांडली. एक, मुळातला स्वभाव: बाईंची झोप लहानपणापासूनच सावध, आणि काळजी करण्याची सवय. दोन, सुरुवात करून देणारा प्रसंग: सासूबाईंचं दुखणं. तीन, निद्रानाश टिकवून धरणाऱ्या गोष्टी. दुसरा थर बहुतेक वेळा निघून गेलेला असतो. तिसरा थर म्हणजे झोप भरून काढण्यासाठी माणसाने स्वतःच लावून घेतलेल्या सवयी: लवकर पडणं, पडून राहणं, रविवारी उशिरा उठणं, दिवसा डुलकी, गोळी. प्रत्येक सवय त्या त्या दिवशी शहाणपणाची वाटते. सगळ्या मिळून झोपेला घरात येऊ देत नाहीत.

आधी करून झालेले उपाय पुष्कळ होते. जायफळ घातलेलं गरम दूध, तळपायाला तूप लावून काशाची वाटी, मोबाइलवर पावसाचा आवाज. शेवटी अल्प्राझोलाम ही गोळी, ०.२५ मिलिग्रॅम, दहा दिवसांसाठी लिहून दिलेली आणि पुढे सात महिने चालू राहिलेली. काशाच्या वाटीला आमचा विरोध मुळीच नाही. संध्याकाळ मऊ करायला ती फार चांगली. चिमूटभर जायफळही चालतं, पण 'आज जरा जास्त' असं करत चमचा भरू नये. जास्त प्रमाणात जायफळ विषारी ठरतं: छाती धडधडते, भ्रम होतो. अडचण उपायांपेक्षा ते करताना असलेल्या अपेक्षेत होती. दूध पिऊन 'आता येते का बघू' म्हणत वाट पाहणं हे जागं राहण्याचंच काम आहे.

'झोपत नाही' आणि 'डोळा लागतो'

दिवसा झोपता का, या प्रश्नाला बाईंचं ठाम उत्तर: नाही, वेळ कुठे आहे? प्रश्न बदलून विचारला, 'दिवसभरात कधी डोळा लागतो का?' तेव्हा उत्तर वेगळं आलं. संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणाऱ्या स्लो लोकलमध्ये बसायला जागा मिळते. भायखळा गेलं की मान खाली, ती घाटकोपरला शेजारची बाई हलवते तेव्हा वर. साधारण २५ मिनिटं. मग रात्री साडेनऊच्या मालिकेत दिवाणावर टेकल्या टेकल्या आणखी १५ मिनिटं. मराठीत 'झोपणं' म्हणजे ठरवून आडवं होणं. डोळा लागणं आपण झोपेत मोजत नाही. मेंदू मोजतो.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची भूक वाढत जाते. डुलकीत ते उतरतं. संध्याकाळी सहाला वडापाव खाल्ला की नऊला जेवण जात नाही, तसंच हे. चाळीस मिनिटं ऐकायला फार नाहीत, पण संध्याकाळची चाळीस मिनिटं सकाळच्या चाळीस मिनिटांपेक्षा कितीतरी महाग पडतात, कारण भूक पुन्हा लागायला मध्ये वेळच उरत नाही. चहाचंही तसंच. कॅफिन अ‍ॅडिनोसिनची जागा अडवून बसतं, आणि अंगातलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात, काहींना याहून बरेच जास्त. बाईंचा शेवटचा चहा घरी आल्यावर, साडेसातला.

झोपेच्या प्रत्येक वहीत म्हणूनच 'डोळा लागला' असा वेगळा रकाना हवा. 'दिवसाची झोप' लिहिलं तर तो रिकामा येतो.

आधी वगळायच्या गोष्टी

घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं जड होणं याबद्दल यजमानांना विचारलं (घोरणाऱ्याला स्वतःला कळत नाही): नाही. रक्तदाब ठीक. रात्री पाय सतत हलवावेसे वाटणं: नाही, असतं तर शरीरातला लोहाचा साठा तपासावा लागला असता. थायरॉइडची तपासणी ठीक. वयामुळे पाळी अनियमित झालेली, पण रात्री घामाने भिजून उठणं क्वचित. नैराश्याची लक्षणं विचारली, उदासपणा थकव्यापुरता होता. आयुष्यात कधी कमी झोपेतही प्रचंड उत्साहाचे दिवस आले का, फिट आली आहे का, हेही विचारलं. हे दोन प्रश्न वगळू नयेत. द्विध्रुवी आजारात किंवा अपस्मारात झोप कमी करणारा उपचार आजार उसळवू शकतो. टॅक्सी, बस, क्रेन चालवणाऱ्यांनाही पुढची पद्धत डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू देऊ नये.

दोन आठवड्यांची वही

शंभर पानी वही, रोज सकाळी पाच मिनिटं. किती वाजता आडव्या झालात, डोळा लागायला अंदाजे किती वेळ गेला, मध्ये एकूण किती जागरण, शेवटची जाग, उठण्याची वेळ, आदल्या दिवशी डोळा लागला का, शेवटचा चहा, गोळी. सगळं अंदाजाने. रात्री घड्याळ पाहायचं नाही, ही अट पहिल्या दिवसापासून. भिंतीवरचं घड्याळ स्वयंपाकघरात हलवलं, मोबाइल पालथा घालून कपाटात, गजर तिथूनच वाजेल इतका मोठा. 'वेळ बघितली नाही तर लिहू कशी?' असं जवळपास प्रत्येकजण विचारतो. अंदाज पंधरा-वीस मिनिटांनी चुकला तरी आठवड्याच्या सरासरीला फरक पडत नाही. दोन वाजून चाळीस मिनिटं हा आकडा डोळ्यांना दिसला की मात्र मेंदू लगेच वजाबाकी करायला बसतो: आता तीन तास वीस मिनिटंच उरली.

दोन आठवड्यांची सरासरी अशी निघाली. अंथरुणावर ४८० मिनिटं, म्हणजे आठ तास. डोळा लागेपर्यंत ९५, मधलं जागरण ८०, पहाटे नुसतं पडून २०. प्रत्यक्ष झोप २८५ मिनिटं, पावणेपाच तास. झोपेचा उतारा, म्हणजे झोप भागिले अंथरुणावरचा वेळ: ५९ टक्के. चांगली झोप असणाऱ्यांत तो ८५ च्या वर असतो.

वहीने आणखी एक दाखवलं. सर्वांत वाईट रात्री महिन्याच्या १० आणि १८ ते २० तारखेच्या आसपास होत्या. जीएसटीचं विक्रीचं विवरण ११ तारखेपर्यंत आणि मासिक विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचं असतं. बाई स्वतः म्हणत होत्या की मला कसलंच टेन्शन नाही.

अंथरुणाचे तास कापणं

अंथरुणावरचा वेळ प्रत्यक्ष झोपेच्या जवळ आणायचा, झोप घट्ट होऊ द्यायची आणि मग वेळ हळूहळू वाढवायचा, असा उपचाराचा कणा आहे. सरासरी झोप पावणेपाच तास असली तरी पाच तासांच्या खाली कुणालाच आणायचं नसतं. बाईंचं वय, नोकरी आणि पहाटेचं पाणी भरणं धरून साडेपाच तास ठरवले. आधी उठण्याची वेळ पक्की केली, कारण शरीराचं घड्याळ सकाळी लागतं. पाणी येतं म्हणून साडेपाच, रविवारीही साडेपाच. तिथून मागे मोजलं की गादीवर जायची वेळ रात्री १२.

हे ऐकल्यावर बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं झोपेसाठी तरसलेल्या माणसाला आणखी उशिरा झोपा म्हणणं क्रूर वाटतं. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत काय होणार हे आधीच स्पष्ट सांगावं लागतं: झोप आणखी थोडी कमी होईल, दुपारी डोळे जड होतील, चिडचिड वाढेल. हे न सांगता पाठवलेली माणसं चौथ्या दिवशी सोडून देतात आणि वर 'तेही करून पाहिलं' असा एक अनुभव गाठीला बांधतात.

पुढचा नियम सोपा. आठवड्याचा उतारा ८५ टक्के किंवा वर गेला तर वेळ १५ मिनिटांनी वाढवायची, गादी तेवढी आधी घालून. ८० ते ८५ मध्ये असेल तर आहे तिथेच. ८० च्या खाली गेला तर १५ मिनिटं कमी, पण ठरलेल्या तळाखाली नाही. पहिल्या आठवड्यावरून मात्र काहीच ठरवायचं नाही.

दिवाण सोडणं

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडलेली दुसरी बाजू अशी: अंथरूण पाहिलं की शरीराला झोप आठवली पाहिजे. निद्रानाशात उलटं होतं. सोफ्यावर पेंगणारा माणूस अंथरुणावर टेकताच टक्क जागा होतो, कारण शेकडो रात्री तिथे तळमळ झालेली असते.

या घरात दिवाणावर काय काय होत होतं? भाजी निवडणं, मालिका, मोबाइल, मुलाचा अभ्यास घेणं, पाहुणे, हिशेबाचं राहिलेलं काम, आणि रात्री झोप. वेगळी खोली देता येणार नव्हती. पण वेगळी खोली लागतच नाही, असं आमचं ठाम मत आहे. आपल्याकडे अंथरूण रात्री घालायचं आणि सकाळी गुंडाळून ठेवायचं, ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. दिवसभर जी वस्तू दिसतच नाही आणि फक्त झोपेच्या वेळी उलगडते, तिच्याशी झोपेचं नातं पलंगापेक्षा लवकर जुळतं. लहान घरातली ही सोय दिवाण आल्यावर गेली.

दिवाण मुलाला दिला. बाईंसाठी बाहेरच्या खोलीत स्वयंपाकघराच्या दाराजवळ एकट्यापुरती कापसाची गादी, यजमानांची वेगळी, म्हणजे एकाच्या कुशीने दुसऱ्याला जाग नको. गादी बाराला घालायची आणि साडेपाचला गुंडाळून कपाटावर. त्याआधी तिच्यावर बसायचंसुद्धा नाही. बाराची वेळ अनपेक्षितपणे सोयीची ठरली: मुलाचा स्वयंपाकघरातला अभ्यास साडेअकराला संपायचा, आणि एरवी त्या उजेडातच बाई दहापासून कूस बदलत असायच्या.

गादीवर पडून साधारण १५-२० मिनिटं झाली असं वाटलं (अंदाजानेच), किंवा त्याआधीच चिडचिड सुरू झाली, तर उठायचं. गादी अर्धी दुमडून ठेवायची. दुमडलेल्या गादीवर कुणी अर्धवट आडवं होत नाही, म्हणून हे बारीक काम महत्त्वाचं. स्वयंपाकघरात पाटावर, झिरोच्या दिव्यात बसायचं. डोळ्यांवर पेंग आली की परत. पुन्हा नाही आली तर पुन्हा उठायचं, रात्रीत चार वेळा झालं तरी.

पहिल्या पाच रात्री बाई उठल्याच नाहीत. कारण शोधलं तर ते मच्छरदाणी निघालं. गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली जाळी काढायची, पुन्हा खोचायची, त्यात यजमान जागे होणार. त्यापेक्षा पडून राहिलेलं बरं. दाराकडची बाजू न खोचता तिच्या काठाला जुन्या साडीची जड घडी शिवली, ती नुसती उचलून बाहेर येता येतं. मग उठणं सुरू झालं.

दुसरी अडचण सासूबाईंची. रात्री दोनला सून अंधारात पाटावर बसलेली पाहून त्या घाबरल्या आणि मायेने म्हणाल्या, "अगं, डोळे मिटून पडून राहा गं, लागेल आपोआप." हाच सल्ला प्रत्येक मराठी घरात मिळतो. ज्याला अधूनमधूनच झोप लागत नाही, त्याच्यासाठी तो बरोबरही आहे. दोन वर्षांच्या निद्रानाशात मात्र पडून राहणं म्हणजे अंथरुणावर जागं राहण्याचा रोजचा सराव. सासूबाईंना समोर बसवून हे समजावलं. नंतर रात्री उठल्या की त्या काही न बोलता पुढे जायच्या. घरच्यांना आधी विश्वासात न घेता हा उपचार सुरू करणं ही आमच्याकडूनच राहिलेली चूक होती.

रात्री बसून करायचं काय

'काहीतरी कंटाळवाणं करा' एवढं सांगून भागत नाही. बाईंनी पहिल्यांदा मेथी निवडली, मग सकाळच्या डब्याची तयारी केली, तिसऱ्या रात्री ओटा घासला. सकाळी त्यांना बरं वाटलं: झोप नाही तर नाही, काम तरी उरकलं. नेमका इथेच घोटाळा होतो. रात्रीच्या जागेपणाला बक्षीस मिळालं की मेंदू ते बक्षीस घ्यायला रोज अडीचला उठवतो. मोबाइल तर दुहेरी: उजेडही आणि बक्षीसही. जपमाळ आधाराची वाटते, पण 'एवढ्या माळा झाल्या की झोप येईल' असा सौदा त्यात शिरला की तोही प्रयत्नच.

शेवटी वाती वळणं जमलं. कापूस, मंद उजेड, तेच ते बोटांचं काम, आवाज नाही, आणि मध्येच सोडलं तरी काही अडत नाही. देवघरात फुलवातींचा डबा आधीच भरलेला होता, त्यामुळे कामाची निकडही नव्हती. ज्यांना वाती जमत नाहीत त्यांनी जुना, वाचून झालेला दिवाळी अंक घ्यावा. रहस्यकथा असलेला नको.

दहा ते बारा

मध्यरात्री उठण्यापेक्षा दहा ते बारा जागं राहणं बाईंना जड गेलं. मुलगा अभ्यासात, बाकीचे झोपलेले, अंग मोडून आलेलं. बसलं की डोळा लागतो, म्हणून ही वेळ उभ्याने काढायची: इस्त्री, कपड्यांच्या घड्या, इमारतीच्या गॅलरीत संथ फेऱ्या. साडेअकराला कोमट पाण्याने हातपाय धुवायचे, तळपायाला काशाची वाटी, मग गादी. कोमट पाण्याने हातापायांतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, आतली उष्णता बाहेर पडते, आणि आतलं तापमान उतरलं की झोप सोपी होते. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात हे जास्त करावं. टेबलफॅन पायांकडून लावला तर वाऱ्यासोबत त्याचा एकसुरी आवाजही मिळतो, त्याखाली लिफ्टचा आणि रस्त्याचा आवाज बराचसा दबतो.

लोकलमधल्या डुलकीवर उपाय बाईंनीच सुचवला: चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर कडेला मिळणारी जागा. अर्धं शरीर बाहेर असताना डोळा लागत नाही. दोन आठवडे त्या रोज चौथ्या सीटवर बसून आल्या. चहा पाच कपांवरून तीनवर, शेवटचा दुपारी दोनला. एकदम बंद केला असता तर डोकं दुखलं असतं, म्हणून दर तीन दिवसांनी एकेक कप कमी. सकाळी उठल्याबरोबर ट्यूबलाइट, आणि स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाऐवजी चालत, उन्हाच्या बाजूने. सकाळच्या उजेडाने रात्रीची झोप वेळेवर येते.

आकडे कसे हलले

पहिला आठवडा: ३३० मिनिटांत झोप २६०, उतारा ७९. एका संध्याकाळी उतरायचं स्टेशनच चुकलं. या काळात स्कूटर चालवायची नाही, गॅसवर काही ठेवून बसायचं नाही, हे लिहून दिलं होतं. दुसरा आठवडा: झोप २८३, उतारा ८६. पहिल्यांदाच तीन रात्री सलग वाती वळायची वेळ आली नाही. गादी पावणेबाराला. तिसरा: ३४५ मध्ये २९८, पुन्हा ८६, गादी साडेअकराला. चौथा आठवडा नवरात्रात आला, खाली मैदानात दांडिया. ३६० मध्ये ३०२, उतारा ८४. वेळ आहे तिथेच. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी असली तरी सणाच्या काही ठरावीक दिवसांत सरकार बारापर्यंत सूट देतं. त्या रात्री कानात फोमचे बोळे घातले, आणि आवाज थांबेपर्यंत गादी घातलीच नाही. पाचवा आठवडा: ३१८, उतारा ८८.

गोळी

गोळी पहिल्या दिवसापासून बंद करायची घाई केली नाही. झोप घट्ट झाल्यावर, सहाव्या आठवड्यात, मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीत ती कमी करायला घेतली. अल्प्राझोलाम महिनोन्‌महिने घेतलेल्या माणसाने ती एका रात्रीत सोडू नये: झोप आधीपेक्षा वाईट उसळते, अस्वस्थता येते, मोठ्या डोसवर असणाऱ्यांना फिटही येऊ शकते. तीन आठवडे अर्धी गोळी, मग दोन आठवडे एक दिवसाआड, मग बंद.

बाई आधी गोळी 'लागली तर' घ्यायच्या, कधी रात्री दोनला दुसरी अर्धी. अंगातली निम्मी गोळी उतरायला साधारण अकरा तास लागतात, म्हणजे दोनला घेतलेली सकाळच्या लोकलमध्येही असतेच. शिवाय तळमळ वाढली की गोळी मिळते, असा धडा मेंदू गिरवतो. म्हणून गोळी कोणत्या रात्री घ्यायची हे रविवारी कॅलेंडरवर खूण करून ठरलं. त्या रात्री झोप कशी आहे याच्याशी तिचा संबंध तोडला. डोस कमी केला त्या आठवड्यात उतारा ८३ वर आला. हे अपेक्षित होतं, म्हणून अंथरुणाचे तास वाढवले नाहीत. पुढच्या आठवड्यात ८७.

वीस तारीख

संध्याकाळी साडेसातला, चहाच्या जुन्या वेळेला, पंधरा मिनिटं 'उद्याचा हिशेब'. वहीचं पान मधून दुमडायचं. डावीकडे डोक्यात घोळणारी गोष्ट, उजवीकडे पुढची एकच कृती आणि ती कधी. 'इनपुट क्रेडिट जुळत नाही' याच्यासमोर 'सकाळी ११ ला विक्रेत्याला फोन'. कृती नसेल तर 'आज काही करता येत नाही' असं लिहायचं. रात्री तीच गोष्ट आली तर ती वहीत आहे एवढंच मनाला सांगायचं.

'झोपले नाही तर उद्या विवरणपत्रात चूक होणार', ही भीती खोलवर होती. तिच्याशी वाद घातला नाही. पाच आठवडे बाईंनी रोजच्या दुरुस्त केलेल्या नोंदी मोजल्या आणि आदल्या रात्रीच्या झोपेशेजारी लिहिल्या. वाईट रात्रींनंतर चुका थोड्या जास्त होत्या, पण वाटत होत्या तेवढ्या नाहीत. आणि सर्वांत जास्त चुकांचा दिवस चांगल्या झोपेनंतरचा निघाला, त्या दिवशी दोन सहकारी रजेवर होते.

पुढे

बाराव्या आठवड्यात गादी पावणेअकराला, उठणं साडेपाचलाच. ४०५ मिनिटांत झोप ३५५, म्हणजे पाच मिनिटं कमी सहा तास. उतारा ८८. मोजपट्टीचे गुण २१ वरून ८. गोळी आठवडाभरापूर्वी बंद झालेली. 'आठ तास तरी हवेत ना?' असं त्यांनी विचारलं. दुपारी पेंग नाही, मन चिडचिडं नाही, लोकलमध्ये कुठल्याही सीटवर बसून जाग राहते, तर या दिवसांत त्यांच्या शरीराला एवढी झोप पुरते आहे. आठचा आकडा गाठायला पुन्हा दहाला आडवं होणं म्हणजे मागे जाणं.

पुन्हा घसरण झाली तर काय, तेही वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिलं. एक-दोन वाईट रात्री: काहीच करायचं नाही, उठण्याची वेळ तीच, लवकर पडायचं नाही. आठवडाभर चाललं तर गादी अर्ध्या तासाने उशिरा. दोन आठवड्यांत सुधारलं नाही तर पुन्हा भेट. कोकणात गणपतीला किंवा लग्नाला गेल्यावर झोप बिघडतेच. परत आल्यावर पहिल्या सकाळी साडेपाचला उठलं की बहुतेक वेळा तीन-चार दिवसांत गाडी रुळावर येते. मुंबईत केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी आहे, आणि घरबसल्या पहिलं बोलणं हवं असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

उपचार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनी, मुलाची बारावीची परीक्षा चालू असताना, बाई वही घेऊन आल्या. महिन्यात पाच-सहा रात्री अजून वाईट जातात, त्यातल्या बहुतेक वीस तारखेच्या अलीकडच्या. गोळी शून्य. रविवारचं उठणं मात्र हळूहळू साडेसातवर सरकलं होतं, आणि वहीत रविवारी रात्री डोळा लागायला सर्वांत जास्त वेळ लागलेला दिसत होता. ते पुन्हा साडेपाचवर आणलं.